मालकाला बोलवा

बाळांनो, तुमच्या आजीने एका गॅरेजमधून गाडी पळवली, ही गोष्ट तुमचे बाबा तिकडे पाहुण्यांना हसत हसत सांगतात, असं मला कळलं. मला त्या हसण्याचा राग आहे. गाडी पळवायची तर ती दुसऱ्याची असावी लागते. ही गाडी माझी आहे. तिच्या कागदांवर माझं नाव आहे आणि ती मीच चालवते. तेव्हा पळवली कुणी आणि कुणाची? म्हणून हा प्रकार मीच नीट लिहून पाठवते आहे. बाबांनाही वाचून दाखवा.

पण त्याआधी तुम्हाला तो मिस्त्री माहीत असायला हवा. बाबांच्या गोष्टीत तो नुसता ‘एक गॅरेजवाला’ असतो. तो नुसता कधीच नव्हता. शाळेत इंग्रजी शिकवण्यात माझं आयुष्य गेलं, तऱ्हेतऱ्हेचे पालक मी पाहिले, पण इतका हेकट आणि इतका तोंडाळ माणूस दुसरा पाहिला नाही.

त्याची पत्र्याची शेड माळेगावच्या रस्त्याला, साखर कारखान्याच्या अलीकडे होती. बाहेर पाटी नाही. पाटीऐवजी एसटीतून काढलेलं एक जुनं बाक जमिनीत पक्कं रोवलेलं. ते बाक म्हणजे मालकाची जागा. गाडी दिली, किल्ली दिली, संध्याकाळी येतो म्हणून सांगितलं, असं तिथे चालत नसे. “गाडीचं पोट उघडं हाय तवर मालकानं हलायचं न्हाय,” हा त्याचा नियम. दवाखान्यात पेशंटला टेबलावर झोपवून घरचे लोक बाजाराला जातात का, असं तो वर विचारायचा. मी त्या बाकावर उन्हाळ्यात बसले आहे, वह्या तपासत बसले आहे, ताप अंगात असताना बसले आहे. बाकाला पाठ टेकायची सोय नव्हती. एकदा मी घरून उशी आणली, तर म्हणाला, “झोपायला आला का, बाई?”

बाकावर बसून फोनवर बोललेलं त्याला चालत नसे. स्वतःही काम करताना बोलत नसे. पाना मागायचा तरी नुसता हात पुढे करी, आणि समोर कुणी नसलं तरी तसाच थोडा वेळ धरून ठेवी. मग स्वतःच उठून पाना घेई, आणि आपण तो दिला नाही म्हणून आपल्याकडे रागाने बघे. त्याला चार नावं ठेवावीत असं वाटे, पण तेवढ्यासाठी त्याच्याशी बोलावं लागलं असतं.

हाताचं काळं वंगण काढायला तो साखर वापरायचा. मूठभर साखर, थोडी साबणाची पूड, आणि खसाखसा चोळायचं. लोकांच्या चहाला साखर पुरत नाही आणि हा माणूस ती गटारात सोडतो, हे मला बघवत नसे. तसं मी बोलून दाखवलं.

“बाई, कारखान्याच्या दारात बसून साखरंची काटकसर? लोक हसतील मला,” तो म्हणाला.

आता कामाच्या मुद्द्यावर येते. पेट्रोलच्या गाडीत पेट्रोल ओढणारा पंप टाकीत बुडलेला असतो. आमच्या गाडीत त्याचं झाकण मागच्या सीटखाली आहे. पंपातून एक बारीक पाइप इंजिनाकडे जातो, आणि त्याच्या टोकाला प्लॅस्टिकची खिट्टी असते. नीट आत दाबलं की ‘टक्’ असा आवाज येतो आणि पाइप धरला जातो. पंप बदलायचा म्हणजे हा पाइप काढायचा आणि पुन्हा जोडायचा. मिस्त्री म्हणायचा, “पंप कोन बी बदलंल. पाइप परत जोडताना मानूस कळतो.” काढलेल्या पाइपाच्या तोंडाला तो दुधाची धुतलेली पिशवी रबराने बांधून ठेवी. गळीत हंगामात कारखान्याच्या धुराड्यातून काळी राख उडते, ती आमच्या वाळत घातलेल्या साड्यांवर पडते, तशी पाइपातही पडते.

पाइप जोडून झाला की तो बाजूला होऊन उभा राहायचा आणि बाकाकडे बघून ओरडायचा, “ओढा!” मग मालकाने उठायचं, सीटखाली वाकायचं, पाइप स्वतःच्या हाताने ओढून बघायचा, आणि मोठ्याने म्हणायचं, “बसला.” नुसती मान हलवलेली चालायची नाही. मालक असं म्हणेपर्यंत इंजिन चालू होत नसे.

पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी चिडले होते. “मिस्त्री, काम तुमचं आणि खात्री आम्ही द्यायची? उद्या निघाला तर दोष आमचा?”

“बसवनाऱ्यानं तपासू नये, बाई. त्याच्या हाताला ते बसल्यालंच लागतं.”

“हे कुणी सांगितलं तुम्हाला?”

“माझा आज्जा मेंढरं राखायचा. सांजच्याला मेंढरं आत घालताना हाकनारा कदी मोजत न्हाय. त्याला समदी पुरीच दिसत्यात. मोजायचं दुसऱ्यानं.”

आणि मग, माझं तोंड उघडायच्या आत, त्याचं ते ठरलेलं वाक्य: “पाइप आन् जावय, ओढून बघितल्याबिगर घरात घिऊ नये.” हे तो लग्न ठरलेल्या मुलीच्या बापालाही ऐकवायचा.

तत्त्व चांगलं होतं. माझी तक्रार तत्त्वाबद्दल नाही, मालक कोणाला म्हणायचं याबद्दल आहे. त्या बाबतीत त्याच्या डोक्यात जो गोंधळ होता, तो त्याच्या हातात कधीच नव्हता.

एकदा एका बड्या बागायतदाराची पांढरी गाडी घेऊन ड्रायव्हर आला. मी बाकावरच होते. मिस्त्रीने बॉनेटला हातही लावला नाही.

“मालकाला बोलव.”

“अवो, मालक मीटिंगला हायेत पुण्याला. मीच चालवतो गाडी, मलाच ठावं काय झालंय ते.”

“तू चालवतोस. गाडी पेटली तर कुनाची पेटंल?”

“गाडी त्यांची. पर आत मी असंन की!”

ड्रायव्हरचं म्हणणं मला बिनतोड वाटलं. मिस्त्रीला वाटलं नाही. ती गाडी तशीच परत गेली, आणि दुसऱ्या दिवशी बागायतदार स्वतः येऊन, पांढऱ्या कपड्यांत, त्या बाकावर बसले. गावात याचं फार कौतुक झालं. मी केलं नाही. मोठ्या माणसाला बसवलं यात त्याला जे सुख झालं, ते मी पाहिलं होतं.

तुमचे आजोबा गेल्यानंतर मी पहिल्यांदा एकटी गाडी घेऊन गेले, तो प्रसंगही सांगायला हवा. मिस्त्री दाराशी आला, माझ्या शेजारच्या रिकाम्या सीटकडे त्याने पाहिलं.

“मालक?”

“मी आहे की.”

“ते हायच, बाई. पन मालक?”

“मिस्त्री, साहेब गेले. तुम्ही दहाव्याला आला होतात.”

“व्हय की. लई वंगाळ झालं.” त्याने हात फडक्याला पुसले. “मंग आता मालक कोन?”

मी जाऊन बाकावर बसले. बराच वेळ तो गाडीभोवती फिरला आणि शेवटी कामाला लागला. ‘ओढा’ मात्र त्याने गाडीकडे बघून म्हटलं. मी उठले, ओढलं, ‘बसला’ म्हणाले. त्या दिवसापासून त्याने मला मालक मानलं, अशी माझी समजूत झाली. ती समजूतच होती.

तुम्हाला ठाऊक आहे, दर गुरुवारी मी वरकुट्याला अक्काकडे जाते. अक्का माझी मोठी बहीण. तिला आता जेमतेम दिसतं. मी तिला इंदापूरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेते, तिची औषधं बघते, आणि आम्ही दोघी दिवसभर भांडतो. ही गाडी नसेल तर मला कुणाला तरी ‘नेतोस का रे’ म्हणून विचारावं लागेल, आणि तो कुणीतरी त्याच्या सवडीने नेईल. हे तुमच्या बाबांना कधी समजलं नाही. त्यांना गाडी म्हणजे काळजी वाटते. ‘आता रस्त्यात पुन्हा एकदा बंद पडली की विकायची’ असं ते फोनवर सांगत असत, आणि मी ‘बरं’ म्हणत असे. ते बरं होकाराचं नव्हतं.

मागे ते एकटेच हिवाळ्यात आले होते, तेव्हा गाडीचा पंप गेला. मी निघाले, तर म्हणाले, “आई, तू कशाला त्या बाकावर बसतेस? मी जातो.” मी जाऊ दिलं. मुलगा आईचं एखादं काम करतो म्हणाला तर आपण विरघळतो.

पुढे काय झालं ते मला नंतर दोघांकडून, आणि दोघांच्या शब्दांतल्या फटींतून, कळलं. मिस्त्री परदेशातला साहेब बघून पाघळला. जो माणूस काम करताना पान्याचंही नाव घेत नसे, तो तिकडचे रस्ते कसे, तिकडच्या गाड्या कशा, हे विचारत राहिला. त्या बोलण्यात पाइपाच्या तोंडाला पिशवी बांधायची राहिली. ऐन गळिताचे दिवस. तुमचे बाबा बाकावर बसून कानाला फोन लावून ऑफिसशी बोलत होते, आणि तेही मिस्त्रीने चालवून घेतलं. मग तो बाजूला झाला आणि म्हणाला, “ओढा, साहेब.” साहेबांनी फोनवर हात ठेवला, जागेवरूनच म्हटलं, “हो हो, बसला, बसला.” आणि मिस्त्रीने इंजिन सुरू केलं!

माझ्या हाताने ओढल्याशिवाय ज्याने मला कधी सोडलं नाही, त्याला एका बाप्याचं नुसतं तोंडचं ‘बसला’ पुरलं.

गुरुवारी मी निघाले. लासुर्ण्याच्या अलीकडे पेट्रोलचा वास यायला लागला. आधी वाटलं पुढच्या ट्रकचा असेल. ट्रक वळून गेला, वास गेला नाही. मी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं, काचा उघड्या ठेवल्या आणि लांब जाऊन बाभळीखाली उभी राहिले. खाली बघितलं तर मागच्या चाकापाशी थेंब पडत होते. मी घाबरले होते, हे लिहायला मला लाज नाही. वाटेत कुणी विडी फेकली असती तर काय, हा विचार डोक्यातून जाईना.

मी घरच्या फोनवर बाबांना गाठलं. ते म्हणाले, “बघ! मी काय सांगत होतो?” बरी आहेस का, हे त्यानंतर विचारलं.

ऊस खाली करून परत निघालेल्या एका ट्रॅक्टरवाल्याने दोर बांधला. बंद गाडीच्या स्टिअरिंगवर बसून, ट्रॅक्टरच्या मागे, मी माळेगावच्या रस्त्याला आले. तो भला माणूस उलट्या दिशेने केवळ माझ्यासाठी आला. सारखं मागे वळून ओरडत होता, “आज्जी, ब्रेकवर पाय ठिवा!” त्याच्या जन्माआधीपासून मी ब्रेकवर पाय ठेवते आहे, हे त्या खडखडाटात त्याला कसं सांगणार?

मिस्त्रीने वास घेतला, वाकून थेंब बघितले आणि बॅटरीची वायर काढून ठेवली. मग काही केलं नाही.

“उघडा की,” मी म्हटलं.

“ज्यानं बसला म्हटलं, त्याला येऊ द्या.”

मी पुन्हा घरी फोन केला, तेव्हा बाबा शेजाऱ्यांच्या मुलाच्या गाडीतून, चांगले कपडे घालून आले. त्यांना बँकेत जायचं होतं. उतरल्या उतरल्या ते मिस्त्रीवर तुटून पडले. “काका, तुमच्यामुळे आज माझ्या आईचा जीव गेला असता!”

मिस्त्रीने शांतपणे मागची सीट उचलली. “जीव आईचा, हात माझा, तोंड तुमचं. तिघातलं येक तरी जाग्यावर पायजे हुतं, साहेब. ओढा.”

बाबा वाकले. धरलं न धरलं तोच पाइप हातात आला, आणि उरलेलं पेट्रोल त्यांच्या पँटवर सांडलं. खिट्टीच्या तोंडाशी राखेची एक काळी कपची अडकली होती.

“कारखान्याची राख,” मिस्त्री म्हणाला, जणू कारखान्याचे चेअरमन स्वतः येऊन ती तिथे ठेवून गेले होते.

“पिशवी बांधली नव्हतीत?” मी विचारलं.

“साहेबांशी बोलत हुतो.”

एवढंच. माफी नाही, लाज नाही. बाबांनीही ‘मी ओढलं नव्हतं’ हे शब्द अजून उच्चारलेले नाहीत. बाळांनो, उच्चारले तर मला कळवा.

मिस्त्रीने पाइपाचं तोंड पुसलं, नवी खिट्टी घातली, पाइप दाबला. टक्. मग दोघे शेजारच्या टपरीवर चहा प्यायला उभे राहिले. आता हे दोघे भांडतील असं मला वाटलं. पण चहा अर्धा होईपर्यंत त्यांचं जुळलंच. मी बाकावर होते, आणि मला ऐकू येतं.

“आईचं वय झालंय, काका. मी तिकडे, ही इकडे एकटी. मला झोप लागत नाही.”

“खरं हाय, साहेब. बाईमानसाचं धाडस कवर चालायचं? इकायचीच आसंल तर माझ्याकडं गिऱ्हाईक हाय. आजच फोन करायला सांगतो. नंबर द्या.”

“माझा तिकडचा नंबर त्याला लागायचा नाही. आईचाच द्या. मी बोलून घेईन.”

ज्या दोन माणसांच्या निष्काळजीपणामुळे मी बाभळीखाली उभी राहिले, ते दोघे माझी गाडी विकत होते, आणि मी गाडी चालवते हा त्यांच्या मते सगळ्याचा दोष होता. इतका राग मला आयुष्यात फार थोड्या वेळा आला आहे.

चहा संपवून मिस्त्री गाडीपाशी आला, वायर जोडली, बाजूला उभा राहिला आणि तुमच्या बाबांकडे बघून म्हणाला, “ओढा, साहेब.”

मी उठले. “मिस्त्री, मालकाला बोलवा.”

“हायेत की हितं.”

“हे माझे चिरंजीव आहेत, पाहुणे आलेत. तुमच्या आजोबांची मेंढरं संध्याकाळी कोण मोजायचं?”

“माझी आज्जी.”

“का?”

“का म्हंजी? आज्जा दिसभर हाकायचा. मेंढरं घराची. घर तिचं.”

“मग कधी लांबून पाहुणा आला, तर आजीला बाजूला सारून त्याला मोजायला लावायचे का?”

“छ्या! पावन्याला काय कळतंय...” आणि तो थांबला. डोक्यावरची टोपी काढली, बघितली आणि परत घातली. तुमचे बाबा म्हणाले, “आई, हे काय आता?”

मी वाकले आणि पाइप ओढला. एकदा सरळ, एकदा बाजूला. हलला नाही. “बसला,” मी म्हटलं. किल्ली अर्धी फिरवली, पंपाची गुणगुण ऐकली, परत मागे येऊन बोटाने जोड चाचपून बोट हुंगलं. कोरडं होतं. झाकण लावलं आणि सीट खाली दाबली. मग पुढे जाऊन बसले आणि इंजिन सुरू केलं.

बाबांना वाटलं, मी गाडी सावलीत लावते आहे. मी ती रस्त्यावर घेतली. आरशात दोघे शेजारी शेजारी उभे दिसत होते. शेजाऱ्यांचा मुलगा केव्हाच गेला होता, त्यामुळे तुमचे बाबा मिस्त्रीच्या मोटारसायकलवर मागे बसून, पेट्रोलचा वास मारत, भर बाजारातून घरी आले. हा भाग ते पाहुण्यांना सांगत नाहीत.

अक्का वाट बघत असणार होती आणि इंदापूरच्या डॉक्टरांची वेळ अजून टळली नव्हती. निमगाव केतकी जवळ आलं तेव्हा फोन वाजला. मी इंडिकेटर दिला, गाडी कडेला घेतली, हँडब्रेक लावला आणि मगच फोन उचलला.

“नमस्कार, मिस्त्रींनी नंबर दिला. गाडी बघायला यायचं हुतं,” पलीकडून एक माणूस म्हणाला. “जरा गाडीच्या मालकांना द्या की फोन.”

“बोलतेय,” मी म्हटलं. “गाडी विकायची नाही.”